ऑनर्स वर्ल्ड हिस्टरीचा अभ्यास: पाठांतराच्या पुढचं

अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये नववी-दहावीला ऑनर्स वर्ल्ड हिस्टरी (नेहमीच्या वर्गापेक्षा वरच्या पातळीचा जगाचा इतिहास) घेतलेल्या मुलांच्या मराठी घरांत पहिल्या मोठ्या टेस्टनंतर एक प्रश्न हमखास निघतो. धडा तर पाठ होता, मग ग्रेड का घसरली? बहुतेक वेळा उत्तर सोपं असतं. मुलाने अभ्यास केला तो एका परीक्षेचा आणि समोर आली वेगळीच. आपण शाळेत 'कारणे द्या' आणि 'टिपा लिहा' करत मोठे झालो. पुस्तकातली चार-पाच कारणं क्रमाने लिहिली की गुण मिळायचे. इथला प्रश्न पुढे जातो: यातलं कुठलं कारण जास्त वजनाचं, आणि कशावरून? सगळा अभ्यास या 'कशावरून'साठी करायचा असतो. हे लेखन पालकांसाठी आहे, पण यातली प्रत्येक पायरी मुलांनीच करायची आहे.

आधी ऑनर्स आणि एपी, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, यांतला फरक. एपी वर्ल्ड हिस्टरी: मॉडर्न हा कॉलेज बोर्डाचा अभ्यासक्रम आहे. तो इ.स. १२०० च्या सुमारास सुरू होतो, त्याचे नऊ भाग आहेत आणि मे महिन्यात त्याची परीक्षा सगळीकडे एकसारखी होते. ऑनर्सचं तसं नाही. कुठून सुरुवात करायची, किती निबंध घ्यायचे, जीपीएमध्ये (ग्रेडच्या सरासरीत) जादा वजन द्यायचं की नाही, हे राज्याच्या अपेक्षांच्या चौकटीत शाळा किंवा डिस्ट्रिक्ट ठरवतं. म्हणून शेजारच्या गावातल्या मित्राच्या नोट्स जशाच्या तशा उपयोगी पडतील असं नाही. मात्र बरेच ऑनर्स शिक्षक एपीचीच रूब्रिक, म्हणजे कशाला किती गुण ते सांगणारा तक्ता, थोडी सोपी करून वापरतात, त्यामुळे ती माहीत असणं फायद्याचं.

पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी हातात हव्यात: टेस्ट, निबंध, गृहपाठ यांचं वजन सांगणारा सिलॅबस, निबंधाची रूब्रिक, आणि पूर्ण गुण मिळालेला एखादा नमुना निबंध. तिसरी गोष्ट मागायला मुलं लाजतात. शिक्षकांना मात्र ही मागणी आवडते. ग्रेडचा मोठा वाटा निबंधांवर असेल आणि मुलाचा सगळा वेळ क्विझची फ्लॅशकार्डं करण्यात जात असेल, तर ते सप्टेंबरमध्येच कळायला हवं.

धडा वाचणं

वीस पानांचा धडा सलग वाचत बसलं की दीड तास जातो आणि शेवटी हाती लागतात पिवळ्या मार्करने रंगवलेली पानं. मार्करचा घोळ असा की वाचताना सगळंच महत्त्वाचं वाटतं, आणि रंगवलेलं वाक्य ओळखीचं दिसतं म्हणून ते येतंय असा समज होतो. त्याऐवजी हा क्रम ठेवा.

पहिली पाच मिनिटं फक्त मथळे, नकाशे, चित्रांखालच्या ओळी आणि धड्याच्या शेवटचे प्रश्न बघायचे. मग प्रत्येक उपमथळ्याचा प्रश्न करायचा. 'ऑटोमन साम्राज्याचा विस्तार' असं छापलेलं असेल तर वहीत लिहायचं: ऑटोमन इतके कसे पसरले, आणि कुठे अडले? आता तो भाग वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि उत्तर चार-पाच ओळींत स्वतःच्या शब्दांत लिहायचं. पुस्तक उघडं ठेवून लिहिलं तर ती नक्कल होते. मिटून लिहिलं की काय निसटलंय ते लगेच दिसतं. मग पुन्हा उघडून नावं आणि सनावळ्या तपासायच्या.

वहीच्या पानाला डावीकडे सुमारे अडीच इंचाचा समास आखा आणि खाली दोन इंच जागा सोडा. समासात प्रश्न, उजवीकडे उत्तर, आणि खालच्या पट्ट्यात त्या पानाचा एक दावा, एकाच वाक्यात. मुलं वगळतात ती नेमकी ही खालची पट्टी, आणि निबंधात कामी येते तीही हीच. तिथे 'ऑटोमन साम्राज्याबद्दल माहिती' असं लिहिलेलं दिसलं तर तो दावा झाला नाही. 'ऑटोमनांनी ख्रिस्ती घरांतली मुलं घेऊन त्यांतून जॅनिसरी फौज घडवली, त्यामुळे सुलतान जुन्या सरदार घराण्यांवर कमी अवलंबून राहिला' हा दावा झाला. एका उपमथळ्याला अर्ध्या पानाहून जास्त जागा लागत असेल, तर पुस्तक उतरवून काढणं चाललंय असं समजा.

सनावळ्या

तारखा अजिबात नकोत, फक्त 'संकल्पना' हव्यात, असं हल्ली ऐकू येतं. ते बरोबर नाही. काय आधी घडलं हेच माहीत नसेल तर कारण आणि परिणाम यांवर वाद घालणार कसा? पण शंभर तारखाही नकोत. प्रत्येक भागासाठी आठ-दहा खुंट्या पक्क्या करायच्या आणि बाकीचं त्यांच्या अलीकडे-पलीकडे बसवायचं. १४५० ते १७५० या काळासाठी पुरेल असा संच: १४५३ कॉन्स्टँटिनोपलचा पाडाव, १४९२ कोलंबस, १४९८ वास्को द गामा कालिकतला, १५१० गोवा पोर्तुगीजांकडे, १५१७ मार्टिन ल्यूथरचं चर्चला आव्हान, १५२६ पानिपत, १५७१ मनिला स्पॅनिशांकडे, १६०२ डच ईस्ट इंडिया कंपनी, १६४४ बीजिंगमध्ये चिंग घराण्याची सत्ता, १६८३ व्हिएन्नाचा वेढा.

हे यादी म्हणून पाठ करू नका. मोठा कागद आडवा धरा, त्यावर पाच पट्ट्या आखा: युरोप, पश्चिम व दक्षिण आशिया, पूर्व आशिया, आफ्रिका, अमेरिका. प्रत्येक घटना आपापल्या पट्टीत टाका आणि मग कागद उभा वाचा. १५२६ चंच वर्ष घ्या. एप्रिलमध्ये बाबराने पानिपतावर इब्राहिम लोदीला हरवलं. ऑगस्टमध्ये सुलतान सुलेमानने मोहाचला हंगेरीचं सैन्य मोडलं. त्याच वर्षी काँगोचा राजा अफोन्सो पोर्तुगालच्या राजाला कळवत होता की तुमचे व्यापारी आमची माणसं पकडून नेताहेत. पहिल्या दोन लढायांत तोफा आणि बंदुका निर्णायक ठरल्या, आणि पानिपतावर गाडे एकमेकांना बांधून त्यांच्याआडून मारा करण्याची पद्धत बाबराने ऑटोमन धर्तीवर वापरली. एका उभ्या रेघेत तुलनेच्या निबंधाचा अर्धा मसाला मिळाला, शिवाय आफ्रिकेतली तिसरी बाजूही. धड्यांत या गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेल्या असतात, म्हणून मुलांना त्या समकालीन आहेत हेच जाणवत नाही.

नकाशाला आठवड्यातून दहा मिनिटं पुरतात. कोरा नकाशा छापून घ्यायचा आणि त्या भागातली बंदरं, सामुद्रधुनी, वाळवंटं आणि व्यापारी रस्ते न बघता भरायचे. मलाक्का, होर्मुझ, बॉस्फोरस, जिब्राल्टर ही चार ठिकाणं वर्षभर पुन्हा पुन्हा येतात. हिंदी महासागरावर मोसमी वाऱ्यांचे बाणही काढायला लावा, उन्हाळ्यात नैर्ऋत्येकडून आणि हिवाळ्यात ईशान्येकडून. परतीचा वारा सुटेपर्यंत व्यापाऱ्याला महिनोन्महिने परक्या बंदरात थांबावं लागे. त्यातूनच मलबार किनाऱ्यावर, पूर्व आफ्रिकेत आणि मलाक्काला परदेशी व्यापाऱ्यांच्या वस्त्या रुजल्या, लग्नं झाली, धर्म पसरले. बाण काढले की हे कारण पाठ करावं लागत नाही.

कागदपत्र वाचण्याचं तंत्र

ऑनर्सचं खरं काम इथे आहे. टेस्टमध्ये एखादं पत्र, फर्मान, प्रवासवर्णन किंवा व्यंगचित्र देतात आणि त्याचा पुरावा म्हणून वापर करायला सांगतात. मुलं त्याचा सारांश लिहितात आणि गुण जातात. सारांशाने 'काय म्हटलंय' कळतं. गुण मिळतात ते कोणी, कोणाला, केव्हा आणि कशासाठी म्हटलंय आणि त्यामुळे पुराव्याचं वजन कसं बदलतं, हे सांगितल्यावर.

एक कागद पूर्ण उलगडून बघू. चिंग सम्राट दाओग्वांगने अफूचा व्यापार मोडून काढायला लिन झेशू या अधिकाऱ्याला १८३९ मध्ये ग्वांगझूला पाठवलं. तिथून त्याने इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाला उद्देशून पत्र लिहिलं. पत्राचा गाभा असा: तुमच्या देशात अफूला मनाई आहे असं मी ऐकतो, मग तीच वस्तू आमच्या लोकांना विकून नफा का कमावता? अमेरिकेतल्या शाळांत हे पत्र बऱ्याचदा अभ्यासाला असतं.

वाचायला सुरुवात मजकुराच्या वरच्या ओळीपासून करायची: लेखक, हुद्दा, ठिकाण, सन. घाईत ही ओळ सुटते आणि अर्धं उत्तर तिथेच असतं. मग चार प्रश्न, प्रत्येकी एक वाक्य.

प्रसंग कोणता? चहा-रेशमाच्या बदल्यात चीनकडे येणारी चांदी अफूमुळे उलटी बाहेर वाहू लागली होती. त्याच उन्हाळ्यात लिनने परदेशी व्यापाऱ्यांकडून जप्त केलेल्या वीस हजारांहून जास्त पेट्या नष्ट केल्या.

वाचक कोण? नावापुरती राणी. ते तिच्या हाती पडल्याचा पुरावा नाही. पण चीनमध्ये ते वाचलं गेलं, म्हणजे आपल्या बादशहासमोर आणि व्यापाऱ्यांसमोर भूमिका मांडणं हाही त्याचा उपयोग होता.

हेतू काय? लढाई न करता, नीतीची आठवण आणि शिक्षेची धमकी देऊन व्यापार थांबवणं.

लेखकाची भूमिका काय? तो स्वतः अफूबंदीसाठी नेमलेला अधिकारी आहे आणि चीन हे जगाचं केंद्र मानणाऱ्या दरबाराच्या भाषेत बोलतो. दोषाचा मुख्य भार तो परदेशी व्यापाऱ्यांवर टाकतो. लाच घेऊन माल आत सोडणारे स्थानिक अधिकारीही होते, ती बाजू दुसऱ्या कागदांत शोधावी लागते. शिवाय इंग्लंडमध्ये तेव्हा अफूवर बंदी नव्हती, म्हणजे त्याचा मुख्य युक्तिवाद चुकीच्या माहितीवर उभा होता.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी: या चारांपैकी एक निवडून 'म्हणून'ने मुद्द्याला जोडायचं. 'लिन हा बंदीसाठी नेमलेला अधिकारी होता' एवढ्यावर थांबलं तर सहसा गुण मिळत नाही. 'ब्रिटिश कायद्याबद्दल इतक्या मोठ्या अधिकाऱ्याला चुकीची माहिती होती, म्हणून हे पत्र दाखवतं की चिंग दरबाराला समोरच्या सत्तेचा अंदाज किती कमी होता' असं लिहिलं तर मिळतो. बाहेरचा पुरावा म्हणून पुढे १८४२ चा नानजिंगचा तह जोडता येतो: हाँगकाँग गेलं, पाच बंदरं उघडावी लागली, भरपाई द्यावी लागली. मराठी घरातल्या मुलाला आणखी एक धागा सहज सापडेल. बंगाल-बिहारची अफू कलकत्त्यात कंपनीच्या लिलावात विकली जाई, आणि माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. मुंबईतल्या अनेक बड्या व्यापाऱ्यांची श्रीमंती या धंद्याशी जोडलेली होती. लिनच्या पत्रात हिंदुस्थानचा हा भाग जेमतेम डोकावतो, म्हणून बाहेरचा पुरावा म्हणून तो मोलाचा.

निबंध

एपीच्या सध्याच्या परीक्षेत कागदपत्रांवर आधारित निबंधाला, म्हणजे डीबीक्यूला, एक तास असतो. त्यातली पंधरा मिनिटं वाचनासाठी सुचवलेली आहेत. सात कागदपत्रं, सात गुण: थीसिसला (निबंधाच्या मुख्य दाव्याला) एक, पार्श्वभूमीला एक, पुराव्याला तीन, विश्लेषणाला दोन. पुराव्यातले पूर्ण दोन गुण घ्यायला किमान चार कागदपत्रं युक्तिवादात वापरावी लागतात आणि तिसरा गुण बाहेरच्या पुराव्याचा. किमान दोन कागदांबाबत वर दाखवलेला 'म्हणून' लागतो. कागदपत्रांशिवायचा मोठा निबंध सहा गुणांचा, सुचवलेली वेळ चाळीस मिनिटं. ऑनर्सच्या वर्गात एका तासिकेत बसावं म्हणून तीन-चारच कागद देतात, हिशोब तोच.

थीसिस कसा असावा? समजा प्रश्न आहे: १७५० ते १९०० या काळात औद्योगिकीकरणामुळे आशियातल्या राज्यांची सत्ता कितपत बदलली? कमकुवत थीसिस: 'औद्योगिकीकरणामुळे आशियात खूप बदल झाले.' याच्याशी कोणी असहमत होऊच शकत नाही, म्हणजे त्यात वाद नाही. भक्कम थीसिस: 'चिंग चीनने शस्त्रं आधुनिक केली तरी दरबाराची जुनी घडी ठेवली आणि बंदरांवरचा ताबा गमावला, उलट मेइजी जपानने सरदारांच्या जहागिरी मोडून कारखाने, शाळा आणि फौज सरकारच्या हाताखाली आणली, म्हणून औद्योगिकीकरणाने तिथे सत्ता वाढली.' इथे दोन बाजू आहेत, एक कारण आहे, आणि पुढच्या परिच्छेदांचा क्रमही ठरून गेला: चीनचं १८६५ चं ज्यांगनान शस्त्रागार, जपानमध्ये १८७१ मध्ये जहागिरी बरखास्त, १८७२ ची तोमिओका रेशीम गिरणी, आणि शेवटी १८९४-९५ च्या युद्धात दोघांची समोरासमोर पारख.

लिहिताना वारंवार फसणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. पार्श्वभूमी एका ओळीत उरकली जाते. तिला तीन-चार वाक्यं द्या आणि ती प्रश्नाच्या काळाच्या थोडी आधी किंवा त्याच्या सुरुवातीपासून सुरू करा. या प्रश्नात परदेशी व्यापाराला एकट्या ग्वांगझूत डांबून ठेवण्याची चिंग पद्धत चालेल. 'माणूस पृथ्वीवर आला तेव्हापासून' चालणार नाही. परिच्छेदांची सुरुवात 'कागद एक सांगतो', 'कागद दोन सांगतो' अशी झाली की निबंध यादी होतो. परिच्छेद मुद्द्याने सुरू करा, कागद त्याच्या मदतीला आणा. लांब उतारे देऊ नका, पाच-सहा शब्द पुरतात. दिलेल्या कागदात असलेलीच गोष्ट बाहेरचा पुरावा म्हणून दिली तर ती मोजत नाहीत. आणि 'सगळे', 'नेहमी', 'कोणीच नाही' हे शब्द दिसले की पुन्हा वाचा, कारण ते सहसा खोटे पडतात.

घरी रोज पूर्ण निबंध लिहायची गरज नाही. आठवड्यात दोन प्रॉम्प्ट, म्हणजे निबंधाचे प्रश्न, घ्या. प्रत्येकाला बारा मिनिटं: थीसिस, पार्श्वभूमीची तीन वाक्यं आणि पुराव्यांची तीन नावं. पूर्ण निबंध महिन्यातून एक, घड्याळ लावून.

बहुपर्यायी प्रश्नांबद्दल थोडक्यात. एपीत ५५ प्रश्नांना ५५ मिनिटं असतात आणि ते उतारा, नकाशा किंवा तक्त्याभोवती गटाने येतात. आधी स्रोताची ओळ, मग प्रश्न, मग उतारा. सर्वांत फसवा पर्याय तो, ज्यातलं विधान खरं असतं पण शतक चुकलेलं असतं किंवा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नसतं.

घरून मदत

पालकांनी निबंध दुरुस्त करू नये. मुलाला दहा मिनिटं मराठी-इंग्रजी मिसळून का होईना समजावून सांगायला लावावं आणि मध्ये एकच विचारावं: कशावरून? जिथे मूल अडतं तिथे पुन्हा वाचायचं.

मराठ्यांचा इतिहास अमेरिकन पुस्तकात एखाद-दुसऱ्या परिच्छेदापुरता येतो, आणि त्याचं वाईट वाटणं साहजिक आहे. पण तो वापरायची संधी मात्र आहे. राज्यसत्तेला झालेल्या स्थानिक प्रतिकाराचं उदाहरण म्हणून मराठे-मुघल संघर्ष एपीच्या आराखड्यातच दिलेला आहे, अंगोलातल्या राणी न्झिंगाच्या प्रतिकाराच्या बरोबरीने. मुलाने तो अभिमानाने जरूर निवडावा आणि पुराव्यासारखा मांडावा: १६७४ चा राज्याभिषेक, १६८१ पासून दक्षिणेत अडकलेला औरंगजेब, १७०७ मध्ये अहमदनगरजवळ त्याचा मृत्यू, आणि या दीर्घ युद्धाने मुघल खजिन्यावर आलेला ताण. 'महान', 'शूर' ही विशेषणं परीक्षकाला काही सिद्ध करून देत नाहीत. किल्ले, गनिमी कावा आणि चौथाई यांमुळे मुघलांची वसुली कशी तुटली, हे सांगितलं तर सिद्ध होतं.

कोलंबियन देवाणघेवाणीच्या धड्याला स्वयंपाकघरात जा. मिरची, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणे, मका, काजू, पेरू, सगळे मूळचे अमेरिका खंडातले. फोडणीच्या डब्यासमोर उभं राहून तो धडा जितका पटकन बसतो तितका पुस्तकातून बसत नाही.

टेस्टच्या आधी

उजळणी एका रात्रीत करू नका. सात दिवस आधीपासून रोज तीस मिनिटं पुरतात. पहिले दोन दिवस कोऱ्या कागदावर त्या भागातलं आठवेल ते सगळं लिहायचं, मग वहीशी ताडून गाळलेलं लाल पेनाने भरायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फक्त लाल भाग. पाचव्या दिवशी वहीतल्या खालच्या पट्ट्यांमधले दावे वाचून प्रत्येकाला दोन पुरावे न बघता सांगायचे. सहाव्या दिवशी एक प्रॉम्प्ट, घड्याळ लावून. सातव्या दिवशी पट्ट्यांचा कागद उभा-आडवा वाचून वेळेवर झोपायचं. चॅटबॉटकडून 'मूळ कागदपत्रं' मागू नका. कोणी कधीच न लिहिलेली पत्रंही तो खरी वाटतील अशी देतो, आणि वापराबाबत शाळेचे नियमही असतात. मूळ मजकूर हवा असेल तर फोर्डहॅम विद्यापीठाचा ऑनलाइन संग्रह मोफत आहे.

निबंध तपासून परत आला की ग्रेड बघून दप्तरात टाकू नका. रूब्रिकच्या कुठल्या ओळीचा गुण गेला ते पहिल्या पानावर लिहा. तेवढाच परिच्छेद पंधरा मिनिटांत पुन्हा लिहा, आणि त्याच आठवड्यात तो घेऊन शिक्षकांकडे जा. 'मला जास्त मार्क का नाहीत?' असं न विचारता 'या परिच्छेदात आता पुरावा मुद्द्याला जोडला गेलाय का?' असं विचारा. यावर शिक्षक परिच्छेदातल्या नेमक्या वाक्यावर बोट ठेवू शकतात, आणि पुढच्या निबंधाला ते वाक्यच उपयोगी पडतं.